खोताच्या वाडीतले पाच दिवस

२०२४ च्या नाताळच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब फोर्ट कोचीला गेलो होतो. समुद्रकाठची ती चिनी जाळी, जुन्या वखारी, उतरत्या कौलारू छपरांची घरे आणि ज्या चर्चमध्ये १५२४ साली वास्को द गामाला प्रथम पुरले होते ते संत फ्रान्सिसचे चर्च हे सारे आम्ही डोळे भरून पाहिले. बारा वर्षांच्या नातवाने प्रत्येक जुन्या दारापुढे उभे राहून छायाचित्रे काढली. परतीच्या गाडीत ती छायाचित्रे मला दाखवताना त्याने सहज विचारले, “आजोबा, असली घरं आपल्याकडे का नाहीत?”

प्रश्न निरागस होता, पण तो माझ्या जिव्हारी लागला. असली घरे आपल्याकडे होती. त्यातल्याच एका घरात माझा जन्म झाला. ते वसईतले घर आज नाही, आणि ते का नाही हे नातवाला सांगण्याचे धैर्य त्या क्षणी मला झाले नाही. मी म्हणालो, “आहेत ना! मे महिन्यात तुला दाखवतो.”

माझ्या डोळ्यांपुढे होती ती गिरगावातली खोताची वाडी. माझी आत्या लग्न होऊन त्या वाडीत गेली होती. लहानपणी मे महिना उजाडला की वडील आम्हा भावंडांना चर्नी रोडच्या गाडीत घालीत. बरोबर केळीच्या सोपात बांधलेली सुकेळी आणि घरच्या विड्याच्या पानांची गड्डी असे. वसईचा माणूस मुंबईला रिकाम्या हाताने जात नसे. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत पहिली गाडी धावली, तेव्हापासून आमच्याकडची पाने, फुले आणि केळी याच रुळांवरून मुंबईला गेली. आमच्यासारखी मुलेही त्याच वाटेने सुट्टीला जात. पुढे आत्या गेली, आतेभाऊही गेले. वाडीतल्या घरात आता वहिनी एकट्याच राहतात. त्यांचा मुलगा कॅनडात आहे. दहा-बारा वर्षांत मी दोनदाच तिथे गेलो होतो, आणि दोन्ही वेळा अंत्यविधीसाठी.

मे २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यात, एका शनिवारी आम्ही निघालो. मी, पत्नी, नातू आणि नऊ वर्षांची नात. वहिनींना फोनवर “पाच दिवस राहायला येतो” म्हणून कळवले तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “राहायला? या, या. बघून जाणारे पुष्कळ येतात. राहायला कोणी येत नाही.”

गिरगावच्या रहदारीतून वाडीच्या तोंडाशी वळलो की आवाज एकाएकी मागे पडतो. गल्ली इतकी चिंचोळी की समोरासमोरच्या घरांतली माणसे हात लांब करून साखरेची वाटी देऊ शकतील. पुढे उघडा व्हरांडा, त्याला लाकडी कठडा, बाहेरच्या अंगाने माडीवर चढणारा जिना, वर मंगळुरी कौले आणि खिडक्यांना गडद निळा, पिवळा, तांबडा रंग. नातवाने पहिल्या वळणावरच मोबाईल बाहेर काढला आणि नात ओरडली, “हे तर कोचीच आहे!”

ही वाडी वसली अठराव्या शतकाच्या अखेरीस. दादोबा वामन खोत नावाच्या पाठारे प्रभू गृहस्थांनी आपल्या मालकीच्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना दिले आणि त्यांचेच नाव वाडीला पडले. हिंदू खोताच्या नावाची वाडी आणि तीत पिढ्यान् पिढ्या नांदणारी ख्रिस्ती घरे, याचे लहानपणी आम्हांला काहीच नवल वाटले नव्हते. आता वाटते. येथून काही मिनिटांच्या अंतरावर केशवजी नाईकांची चाळ आहे. तिथे १८९३ साली मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव झाला. आत्या गणपतीचे मोदक आणि नाताळचा कुसवार यांची देवाणघेवाण अशा रीतीने करीत असे, की कोणत्या सणाचे कोणते पक्वान्न हे आम्हा मुलांना नीटसे कळतच नसे.

वाडीत एकेकाळी ६५ घरे होती असे सांगतात. आज त्यातली निम्मीही उरलेली नाहीत. माझगावची माथारपाखाडी आणि वांद्र्याचे रणवार यांचीही हीच कथा आहे. दोन कौलारू घरांच्या मधून एखादी काचेची उंच इमारत वर गेलेली दिसते आणि तिच्या सावलीत खालचे अंगण दुपारी तीनलाच काळवंडते.

संध्याकाळी वहिनींनी मुलांना वाडीतल्या क्रुसापाशी नेले. प्लेगच्या साथीतून वाचलेल्यांनी कृतज्ञतेने १८९९ साली तो उभारला. १८९६ साली मांडवी भागात तापाचे रुग्ण एकाएकी दगावू लागले, तेव्हा हा गाठीचा प्लेग आहे असे प्रथम ओळखले ते डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. मूळचे गोव्याचे हे ख्रिस्ती डॉक्टर पुढे मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. धोबी तलावाजवळ त्यांचा पुतळा आहे. सोमवारी फोर्ट पाहायला गेलो तेव्हा मुलांना तो मुद्दाम दाखवला. नातवाने विचारले, “म्हणजे कोविडसारखंच?” मी म्हणालो, “तसंच. फरक एवढाच, की लोकांनी वाचल्याची आठवण दगडात ठेवली.”

रविवारी सकाळी संत तेरेजाच्या चर्चमध्ये मिस्सा ऐकली. हे देऊळ वाडीच्या उंबरठ्यावरच आहे म्हणायला हरकत नाही. १७२० साली इंग्रजांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना मुंबई बेटातून घालवले आणि देवळे कार्मेल संस्थेच्या धर्मगुरूंच्या हाती सोपवली. गिरगावचे हे देऊळ त्याच शतकातले, आणि कार्मेलच्या थोर संत तेरेजाचे नाव त्याला लाभले. मिस्सेनंतर वहिनींना भेटायला चार-पाच वृद्ध बायका आल्या. “हे वसईचे आमचे भाऊजी, राहायला आलेत,” असे त्या प्रत्येकीला सांगत होत्या. ‘राहायला’ या शब्दावरचा त्यांचा जोर माझ्या ध्यानात आला.

घरी येऊन फुगे आणि विंदालूची न्याहारी झाली आणि उन्हे उतरल्यावर आम्ही चौपाटीवर गेलो. वाडीपासून चौपाटी पायी दहा मिनिटांवर आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी याच वाळूत लोकमान्यांच्या चितेला अग्नी दिला गेला. त्यांचा पुतळा आजही समुद्राकडची हवा अंगावर घेत उभा आहे. तेथून मलबार टेकडी चढून बाणगंगेवर पोहोचलो. चहूकडे समुद्र आणि मध्ये गोड्या पाण्याचे तळे पाहून मुले चकित झाली. रामाने बाण मारून हे पाणी काढले अशी कथा आहे. आजचे बांधीव तळे १७१५ साली रामा कामत यांनी बांधवले. पायऱ्यांवर बसून नातीने पाण्यात पाय सोडले. समोर दीपस्तंभ, काठाला जुनी देवळे आणि वर डोकावणाऱ्या उंच इमारती. कोचीत आम्ही याहून अधिक काय पाहिले होते? सबंध आयुष्य मी या शहरातून नोकरी, इस्पितळे आणि कचेऱ्या यांच्यासाठी धावत गेलो. या शहराला मी कधी सवडीने भेटलोच नव्हतो.

सोमवारी फोर्टात भटकलो. व्हिक्टोरियन इमारतींच्या कमानी, ओव्हल मैदानापलीकडची आर्ट डेको घरे, बोरीबंदरच्या दगडातली मोर आणि माकडे पाहिली. मग १९०४ पासून चालत आलेल्या कयानींच्या इराणी हॉटेलात ब्रून मस्का आणि चहा घेतला. मी शिक्षकी पेशातला माणूस, त्यामुळे मुलांना हिशोब सांगितला : युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मुंबई परिसरातली तीन नावे आहेत. घारापुरी १९८७ साली, बोरीबंदरचे स्थानक २००४ साली आणि या इमारती २०१८ साली. नातू म्हणाला, “मग खोताची वाडी कधी?”

त्या रात्री व्हरांड्यात बसलो असताना मी हाच प्रश्न वहिनींपुढे ठेवला. खरे तर प्रश्न नव्हे, मी प्रवचनच दिले. एक बिल्डर वर्षभर त्यांच्याकडे खेपा घालीत होता आणि मुलगाही फोनवर “विकून टाक आणि इकडे ये” म्हणत होता, हे त्यांनीच जेवताना सांगितले होते. मी म्हणालो, “वहिनी, काही झालं तरी हे घर देऊ नका. हा आपल्या समाजाचा ठेवा आहे. पूर्वजांनी घाम गाळून उभं केलेलं आहे हे. उद्या नातवंडांना काय दाखवणार?”

वहिनी सुपातल्या मिरच्या निवडत होत्या. मे महिना म्हणजे बॉटल मसाल्याचा महिना. वाळवलेल्या मिरच्या आणि वीस-पंचवीस जिनसा भाजून, कुटून, काळ्या बाटल्यांत दाबून भरायच्या. त्यांनी हात थांबवला नाही. म्हणाल्या, “भाऊजी, तुमचं वसईचं जुनं घर कुठे आहे हो?”

मला उत्तर सुचेना. माझी पत्नी उठून आत गेली.

वाचकांपैकी वसईकरांना ते दिवस आठवत असतील. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या मागून हरित वसईच्या मोर्चात मीही चाललो होतो, घोषणा दिल्या होत्या आणि शाळेच्या फळ्यावर पर्यावरणाचे सुविचार लिहिले होते. पुढे भावांत वाटणी झाली. माझ्या वाट्याला घर आले आणि मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण यांचे खर्चही आले. मी सही केली. त्या जागेवर आज चार मजली इमारत उभी आहे आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावर मी राहतो. फादर आता देवाघरी गेले आहेत. ते भेटत तेव्हा मी त्यांच्या नजरेला नजर देत नसे. त्यांनी मला कधी विचारले नाही. विचारले ते वहिनींनी.

थोड्या वेळाने त्याच बोलल्या. आवाजात राग नव्हता. “मी तुम्हांला टोचत नाही. तुम्हीही तुमच्या अडचणीतच दिलं असणार. पण बघा, रोज सकाळी इथे लोक फोटो काढायला येतात. लग्नाआधीची जोडपी येतात, शाळेची मुलं येतात. माझ्या जिन्यावर बसतात. ‘आंटी, किती सुंदर घर आहे, कधीही विकू नका,’ म्हणतात आणि जातात. फोटोत जिना येतो, भाऊजी. त्यावरून चढताना दुखणारा गुडघा येत नाही. कौलांकडे तर कोणी मान वर करून बघतही नाही. दोन वर्षं कौलं चाळलेली नाहीत. माणूसच मिळत नाही. मिळाला तर म्हणतो, पत्रा टाका.”

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, घारापुरीला जायचे ठरलेलेच होते. गेटवेवरून लाँच सुटली. पाठीमागे ताजमहाल हॉटेल आणि गेटवेची कमान लहान लहान होत गेली. सीगल पक्षी बहुधा परतून गेले होते, नाहीतर त्यांना खाऊ टाकण्यात मुलांचा तास सरला असता. लेण्यातली ती त्रिमुख सदाशिवाची मूर्ती, सुमारे वीस फूट उंचीची, मी यापूर्वी विद्यार्थ्यांच्या सहलीबरोबर पाहिली होती. पण तेव्हा लक्ष मुलांच्या डोक्यांच्या मोजणीत होते. या वेळी त्या मिटलेल्या डोळ्यांपुढे बराच वेळ उभा राहिलो. पोर्तुगीजांनी या बेटाला एलिफंटा नाव दिले ते येथल्या दगडी हत्तीवरून. १८६४ साली तो इंग्लंडला न्यायच्या खटपटीत मोडला. त्याचे तुकडे पुढे जोडण्यात आले आणि आज तो भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे.

परंतु त्या दिवशी माझ्या मनात राहिली ती दुसरीच गोष्ट. उतरताना ज्या बाईकडून आम्ही काकड्या आणि कैऱ्या घेतल्या, ती त्याच बेटावरची होती. बोलता बोलता म्हणाली, “वीज आली तेव्हा माझा मुलगा कॉलेजात होता.” समुद्राखालून तारा टाकून घारापुरीला कायमची वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. पाहायला येणाऱ्यांसाठी हे बेट १९८७ पासून साऱ्या जगाचा वारसा होते, आणि राहणाऱ्यांच्या घरात दिवा लागायला त्यानंतर तीस वर्षे जावी लागली. वहिनींनी रात्री जे सांगितले तेच ही बाई सांगत होती. सौंदर्य पाहणाऱ्याच्या वाट्याला येते, आणि त्याची किंमत राहणाऱ्याला द्यावी लागते. मी आयुष्यभर पाहणाऱ्यांच्या रांगेत उभा राहून राहणाऱ्यांना उपदेश केला होता.

परतताना आभाळ भरून आले. लाँच हेलकावू लागली तशी नात मला बिलगली. वाडीत पोहोचतो न पोहोचतो तोच पाऊस कोसळला. मे महिन्याच्या विसाव्या तारखेला असा पाऊस मी पाहिला नव्हता. (पुढे २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाल्याचे जाहीर झाले. नेहमीच्या ११ जूनपेक्षा तो सोळा दिवस आधी आला होता.) माडीवर वहिनींच्या मिरच्या पसरलेल्या होत्या. आम्ही धावलो. सात ठिकाणी गळत होते. पातेली, बादल्या, नाताळच्या केकचे साचे, हाताला येईल ते खाली मांडले. नातवाने मिरच्यांची चादर चारी टोकांनी उचलली आणि जिन्यावरून खाली आणली. आत्याच्या पलंगावरच्या क्रुसापाशी भिंतीवरून पाण्याची धार उतरत होती. वहिनी ती फडक्याने पुसत होत्या, पुन्हा पुन्हा पुसत होत्या. त्या रात्री कोणीच झोपले नाही.

बुधवारी आमचा बेत वांद्र्याला मोत माउलीच्या दर्शनाचा होता. पहाटे मी पत्नीला म्हणालो, “माउली समजून घेईल,” आणि वसईला फोन लावला. आमच्या जुन्या घराची कौले दरवर्षी चाळणारा कारागीर अजून हयात आहे आणि त्याचा मुलगाही त्याच कामात आहे. घर गेले तरी हा माणूस माझ्या ओळखीत उरला होता. दुसरा फोन धाकट्या भावाला केला. घर पाडले तेव्हा मी दोनेकशे कौले उतरवून त्याच्या वाडीत विहिरीमागे रचून ठेवली होती. का ठेवली हे तेव्हा मलाही सांगता आले नसते. भाऊ म्हणाला, “आहेत तशीच. साप निघतो म्हणून कोणी हात लावत नाही.”

दुपारी टेम्पो आला. वाडीच्या गल्लीत तो शिरणे शक्यच नव्हते. मग रस्त्यापासून घरापर्यंत माणसांची साखळी झाली. शेजारची तरुण मुले, कोपऱ्यावरच्या दुकानातला पोऱ्या, माझी दोन्ही नातवंडे आणि फोटो काढायला आलेले एक जोडपेसुद्धा! कौलाच्या पोटावर कारखान्याचे नाव उठवलेले असते. ते वाचत वाचत नातू कौले पुढे देत होता. पहिला मंगळुरी कौलांचा कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला काढला, हे मी त्याला सांगू लागलो तेव्हा तो म्हणाला, “आजोबा, नंतर. हात रिकामा ठेवू नका.”

बापलेक छपरावर चढले. फुटकी कौले खाली आली, कुजलेल्या चार रिपा बदलल्या, एका वाशाला वाळवी लागली होती त्याला जोड दिला. आमची सगळी कौले बसली नाहीत, काहींची खाच जुळेना. पण सत्तर-ऐंशी बसली. संध्याकाळी खाली उभे राहून पाहिले तर काळसर कौलांमध्ये आमच्या तांबड्या कौलांची ठिगळे स्पष्ट दिसत होती. नातवाने त्याचे छायाचित्र काढले. पाच दिवसांत छपराचे त्याने काढलेले ते पहिलेच छायाचित्र.

मजुरी मी देऊ लागलो तेव्हा वहिनींनी माझा हात धरला. “घर माझं आहे, भाऊजी. कौलं तुमची घेतली, तेवढं पुरे.” निघताना त्यांनी बॉटल मसाल्याची एक बाटली माझ्या पत्नीच्या पिशवीत घातली. घर विकणार की नाही हे मी विचारले नाही. तो अधिकार मला नाही, हे मला उशिरा का होईना कळले होते.

गाडीत नातवाने पुन्हा विचारले, “आजोबा, आपलं वसईचं घर कसं होतं?” या वेळी मी सांगितले. ओटा कसा होता, जिना कुठे होता, पावसाचा आवाज कसा येई, आणि ते मी का दिले, तेही. नालासोपारा मागे पडून आमचे स्थानक चुकले, तेव्हा मी थांबलो. विरारहून उलटे यावे लागले.

जुलैत, मुसळधार पावसाच्या एका रात्री वहिनींचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. एवढेच म्हणाल्या, “भाऊजी, गळत नाही.”

येत्या मे महिन्यासाठी घरात उटी, पुदुचेरी अशी नावे निघत आहेत. नातवंडांनी मात्र पहिला आठवडा आधीच राखून ठेवला आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत नातीने तांबड्या पेन्सिलीने लिहिले आहे : ‘खोताची वाडी. कौले चाळणे.’